प्रतिसाद: क्लोरोक्विन आणि मलावीचा अनुभव
हिवतापाचा परजीवी एकदा औषधाला दाद देईनासा झाला की ते औषध कायमचे बाद होते, असे मूळ लेखात म्हटले आहे; आफ्रिकेतल्या मलावी या देशात क्लोरोक्विन या हिवतापाच्या औषधाबाबत मात्र तसे झाले नाही. प्लाझमोडियम फाल्सिपॅरम या हिवतापाच्या परजीवीच्या एका वाहक (पदार्थ इकडून तिकडे नेणाऱ्या) प्रथिनात ७६व्या जागी लायसीन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनीन हे दुसरे आम्ल आले (जोडीला आणखी काही बदल असतातच), की परजीवीच्या अन्नपोकळीत (अन्न पचवण्याच्या कप्प्यात) साठणारे क्लोरोक्विन ते प्रथिन बाहेर काढू लागते आणि हिमोग्लोबिन पचवताना सुटणारे विषारी हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) निष्प्रभ करण्याचे परजीवीचे काम, जे हे औषध एरवी रोखते, निर्वेध चालू राहते. मलावीने १९९३ साली क्लोरोक्विन थांबवले आणि २००१ पर्यंत हा बदल तिथे जवळजवळ दिसेनासा झाला. जनुक उलटे फिरले नव्हते, तर औषधाचा दाब हटताच मूळ वाणाचे उरलेसुरले परजीवी वरचढ ठरले. तरीही क्लोरोक्विन पुन्हा वापरायचे झाल्यास दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच द्यावे, असे मला कळकळीने वाटते.