'सरळ केबल' आणि 'पोर्ट' यांना मराठीत काय म्हणता?

दोरागुंडा:
मंडळी, एक अडचण आलीये. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांसाठी एकपानी मराठी पत्रक करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फायबर ज्या डब्यात येऊन संपते तिथून राऊटरपर्यंत आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत केबल कशी लावायची, एवढंच. मूळ इंग्रजीत स्ट्रेट केबल वापरा, क्रॉस नको, असं होतं. मी इमानेइतबारे 'सरळ केबल वापरावी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका पोराचा फोन, सर केबल एकदम सरळ केली, गुंडाळी सोडून भिंतीच्या कडेनं ताणून लावली तरी लाईट लागंना. हसू आलं, पण त्याची काय चूक? (जॅकची क्लिप तुटलेली निघाली, ते वेगळं.)
दुसरं म्हणजे पत्रक तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडचं 'पोर्ट' खोडून 'द्वार' केलंय. 'केबल राऊटरच्या निळ्या द्वारात घालावी.' मला वाचताना देवळात गेल्यासारखं वाटतंय. काय करू?

वायरमन७२:
आधी पहिल्या प्रश्नाचं. स्ट्रेट म्हणजे दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच. रंगांचे ठरलेले क्रम दोन, ए आणि बी. आपल्याकडे बहुतेक जण बी मारतात, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रॉस करायची तर एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी, म्हणजे केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, १-२ नंबरच्या पिनांच्या जागी ३-६. पूर्वी कॉम्प्युटर टू कॉम्प्युटर जोडायला लागायची, म्हणून आम्ही हॉस्टेलवर गेम खेळायला रात्री दोन वाजता क्रिम्पिंग टूल (वायरी टोकात दाबून बसवायची पक्कड) शोधत फिरायचो. आताची उपकरणं ओळखून आतल्या आत अदलाबदल करून घेतात, त्यामुळे क्रॉस केबल कोणी विचारत पण नाही. पत्रकातून ते वाक्यच काढा. ठेवायचंच असेल तर 'दोन्ही टोकं सारखी असलेली केबल' लिहा, विषय संपला.

चौकसबाई:
केशरी कसा? तो नारिंगी आहे. केशरी म्हणजे श्रीखंडाचा.

वायरमन७२:
ताई फील्डवर सगळे ऑरेंजच म्हणतात, इथे शब्दचर्चा आहे म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलं तर त्यातही चूक काढली.

शुद्धमती:
'द्वार' मध्ये हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. दिनांक आणि महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच असतील, आज कोणी 'मेयर' लिहितं का? शब्द वापरला की रुळतो. आणि पोर्ट म्हणजे फक्त भोक नाही. ब्राउझर ४४३ नंबरच्या पोर्टवर बोलतो तिथे हाताला लागणारं काहीच नसतं, मग तिथे काय '४४३ नंबरची खाच' म्हणणार? द्वार दोन्हीकडे चालतं. तपासणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

दोरागुंडा:
मुद्दा बरोबर आहे हो, पण पत्रकात ४४३ नाहीये, निळं भोकच आहे.

सुतारपक्षी:
खाच, खोबण असे चांगले शब्द असताना द्वार कशाला? डोळ्याची खोबण म्हणतोच ना आपण. आमचे वडील सुतारकाम करायचे, लाकडाचं जे टोक दुसऱ्याच्या खाचेत जाऊन बसतं त्याला ते कुसू म्हणायचे. केबलचं टोक म्हणजे कुसू आणि राऊटरवरची ती खाच. कुसू खाचेत बसलं की टक् आवाज येतो तसा यालाही येतो. (तो आवाज आला नाही तर बसलं नाही, हे मात्र पत्रकात नक्की लिहा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.)

वऱ्हाडी ठेचा:
आमच्याकडे सगळ्याले पिनच म्हणतात. चार्जरची पिन, टीव्हीची पिन, नेटची पिन. ज्याच्यात घालाची तेही पिनच. 'पिन पिनमदे बसून नाही राह्यली' असं म्हटलं तरी समोरच्याले बरोबर समजते बाप्पा.

मांडवीकर:
पोर्ट म्हणजे बंदर असं इथे अजून कोणी कसं म्हणालं नाही :) गंमत म्हणजे ते अगदीच चूक नाही. पोर्तुगीजमध्ये पोर्ता म्हणजे दार आणि पोर्तू म्हणजे बंदर, दोन वेगळे शब्द. इंग्रजीत दोघांचं पोर्ट होऊन बसलं. कॉम्प्युटरच्या पोर्टला पोर्तुगीज लोक 'पोर्ता'च म्हणतात, म्हणजे दार. पण शेजारी स्पॅनिशमध्ये त्याच यूएसबी पोर्टला 'पुएर्तो' म्हणतात, म्हणजे चक्क बंदर! त्यांना रोज बंदरात पेनड्राइव्ह घालताना काही वाटत नाही. आमच्या पोर्ट वाईनचं नाव मात्र ओपोर्तो शहरावरून, तिथे बंदरच.

शुद्धमती:
म्हणजे पोर्तुगीजसुद्धा द्वारच म्हणतात. धन्यवाद.

मांडवीकर:
हो, पण ते त्यांच्या घरातलं रोजचं दार. तुम्ही 'दार' म्हणा, मी आत्ता सहमत. 'द्वार' म्हटलं की पुढे पाल उभे राहतात.

खेकडा:
मला तर वाटतं हा पोर्ता, म्हणजे लॅटिनमधला पोर्टा, मूळचा आपलाच. संस्कृत प्रतोली म्हणजे वेस, दरवाजा, त्यावरून अहमदाबादच्या पोळ, म्हणजे वेशीच्या आतल्या गल्ल्या, आल्या. प्रतोली, पोर्टा, ऐकायला किती जवळ आहे बघा. रोमनांशी आपला व्यापार होताच.

मांडवीकर:
नाही हो. प्रतोलीवरून पोळ इथपर्यंत ठीक. पोर्टा वेगळ्या मुळातून आलाय, पलीकडे नेणं असा अर्थ असलेल्या. नातंच लावायचं तर आपल्या 'पार'शी लावा, नदीपार मधला. ते लांबचे चुलतभाऊ. व्यापारात कोणी दरवाजा उचलून नेला नाही.

खेकडा:
तुम्हाला पोर्तुगीजचा अभिमान म्हणून.

मांडवीकर:
चावी, पगार, घमेलं, बिजागरी, पाव. यातलं काय परत करताय बोला.

सुतारपक्षी:
बिजागरीवरून आठवलं, तिच्या दोन पाळ्यांना आमच्याकडे नर आणि मादी म्हणायचे. आता कनेक्टरला मेल-फिमेल म्हटलं की पोरं खिदळतात, आणि त्यांना वाटतं हे इंग्रजीतून आलंय.

वायरमन७२:
त्यावरून माझं जुनं दुखणं. केबलच्या टोकाला येणारं ते प्लास्टिक सगळे 'जॅक' म्हणतात, वर स्वतः दोरागुंडांनी पण म्हटलंय. जॅक म्हणजे खरं तर भिंतीतलं किंवा राऊटरवरचं, ज्यात घालतात ते. टोकाला असतो तो प्लग. बरं, ते आरजे-४५ पण नाही. आरजे म्हणजे रजिस्टर्ड जॅक, अमेरिकेतल्या टेलिफोनच्या जोडण्यांचे हे नंबर १९७० च्या दशकातले. खरा आरजे-४५ मोडेमच्या लाइनसाठी होता, त्याच्या बाजूला जास्तीची एक कड होती आणि आत एक रेझिस्टर. आपण वापरतो तो नुसता आठ घरं आठ पिना. दुकानात जाऊन असं मागितलं तर दुकानदार पाणी विचारेल. शेवटी मी पण 'शंभर आरजे द्या' म्हणतो.

चौकसबाई:
म्हणजे इंग्रजीतसुद्धा चुकीचा शब्दच रूढ आहे आणि आपण इथे मराठीसाठी रक्त आटवतोय. छान.

शुद्धमती:
चूक रूढ झाली म्हणून बरोबर होत नाही.

वऱ्हाडी ठेचा:
होते न. भाषेत तेच होते.

तारामास्तर:
जरा उशिरा येतोय. 'केबल' हा शब्द तरी कशाला ठेवलात? लोकांच्या डोक्यात केबल म्हणजे टीव्हीची. आमच्या इमारतीत 'केबल गेली' म्हणजे मालिका गेली, नेट नव्हे. तार हा छान शब्द होता पण तो टपालखात्याने आधीच वापरून संपवला, माझ्या पिढीला 'तार आली' म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. आता २०१३ च्या जुलैत तारसेवा बंदच झाली, तर शब्द मोकळा झालाय, घेऊन टाका.
आणि आतल्या वायरींना 'पेड' म्हणा ही माझी जुनी सूचना. तिपेडी वेणी असते तशी एकपेडी आणि बहुपेडी तार. भिंतीतून ओढायची ती एकपेडी, कडक, आणि टेबलावर वाकवायची पॅचकॉर्ड ती बहुपेडी. इंग्रजीतल्या सॉलिड-स्ट्रँडेडपेक्षा काय वाईट आहे?

सुतारपक्षी:
पेड +१. मन जिंकलंत मास्तर.

वायरमन७२:
पेड आवडला. पण मग पीळ पण घ्या. त्या चार जोड्यांना प्रत्येकी वेगवेगळ्या मापाचा पीळ असतो, तोच बाहेरची आणि शेजारच्या जोडीची गडबड आत येऊ देत नाही. नवशिकी पोरं रंग लावायला सोपं जावं म्हणून टोकाला दोन-दोन इंच पीळ सोडून ठेवतात, खरं तर १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही. टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि स्पीड मात्र येत नाही, मग शिव्या कंपनीला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ शाबूत आणि पीळच गेलेला.

खेकडा:
सुंभ हा शब्द कुठून आला कोणाला माहितीये का? शुंभ-निशुंभ?

मांडवीकर:
नको.

दोरागुंडा:
पत्रक उद्या दुपारी छापायला जातंय. पोर्ट, दार, द्वार, खाच, पिन, बंदर एवढं जमलंय. 'सरळ'चं काय करू ते वायरमन सोडून कोणी सांगितलेलं नाही.

शुद्धमती:
'ऋजु' बघा. ऋजुरज्जू.

दोरागुंडा:
त्या पोराचा फोन आला तर तुमचा नंबर देऊ का?

चौकसबाई:
तपकिरीवर कोणीच बोललं नाही. आमच्या आजोबांच्या डबीतली तपकीर मी पाहिलीये, वायरीचा तो रंग तसा अजिबात नसतो, तो चॉकलेटी आहे.