'इंटरॲक्टिव्ह इन्स्टॉलेशन'ला मराठीत काय म्हणाल?

जांभा: रत्नागिरीच्या एका शाळेसाठी कलेवरच्या पाट्या मराठीत करतोय. माँट्रियालला २०११ साली भर शहरात रस्त्यालगत २१ झोपाळे टांगले होते. प्रत्येक झोपाळ्याचा वेगळा सूर, पण काही सुरावटी अनोळखी माणसांनी एका लयीत झोके घेतले तरच उमटायच्या. मी 'परस्परसंवादी मांडणशिल्प' लिहिलं. बाई म्हणाल्या, हे वाचून एकही पोर झोपाळ्यावर बसणार नाही. दुसरा शब्द सुचवा. 'नेबरहुड'लाही हवाय.

खाडीपलीकडे: मांडणशिल्प रुळलाय, तो ठेवा. 'परस्पर' मात्र उडवा. नुसतं 'संवादी'.

पोफळ: संवादी नको! रागात वादीखालोखाल मानाचा स्वर तो संवादी. सुरांच्याच कलाकृतीला तो शब्द लावलात तर गाणं शिकणारी मुलं गोंधळतील.

खाडीपलीकडे: उलट इथेच तो शोभतो. शेजारच्याच्या झोक्याशी आपला सूर जुळवायचा, हाच तर त्या झोपाळ्यांचा खेळ आहे.

पोफळ: पक्क्या झालेल्या संज्ञा अशा सैल केल्या तर उद्या शास्त्र मराठीत शिकवणार कसं?

आवाठकार: 'शिल्प' म्हटल्यावर मुलांना छिन्नी-हातोडा दिसतो. आमच्याकडे चतुर्थीला गणपतीवर माटवी बांधतात : नारळ, सुपारीचं शिपटं, कवंडळं, आंब्याचे टाळ. शेजारची पोरं रानातून काहीबाही आणतात, ज्याचा हात पोचेल तो बांधतो. तिला कुणी शिल्प म्हणत नाही. 'मांडणी' पुरे. आणि नेबरहुड म्हणजे आवाठ.

पोफळ: आवाठ सिंधुदुर्गात. रत्नागिरीच्या मुलांना तो कळणार नाही. इथे आळी, नाहीतर वाडी.

गुहागरची: आमच्याकडे पाखाडी. आजी 'आपल्या पाखाडीतली' म्हणायची, त्यात नात्याबाहेरची माणसंही यायची. 'परिसर' शब्दात ती माणसं येत नाहीत.

आवाठकार: पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची पायवाट ना?

गुहागरची: वाटही आणि वस्तीही. वाट बांधली की तिच्या दोन्ही अंगांना घरं आली, म्हणून वस्तीलाही तेच नाव पडलं असावं, असं मला वाटतं.

पोफळ: की वस्तीचं नाव आधीचं? 'पाखा' म्हणजे छपराची उतरती बाजू. डोंगरउताराच्या वस्तीला ते सहज लागू पडेल.

गुहागरची: आमची पाखाडी सपाटीवर आहे, समुद्राकडेला.

जांभा: पाटी सोमवारी रंगाऱ्याकडे द्यायचीय. 'सुरांचे झोपाळे : या, बसा, जुळवा' चालेल?

खाडीपलीकडे: चालेल, पण हे त्या एका कलाकृतीचं नाव झालं. कलाप्रकाराला 'संवादी'च हवं.

पोफळ: मुळीच नाही. गुहागरच्या ताई, तुमच्याकडे सपाटीवरच्या सगळ्याच वस्त्यांना पाखाडी म्हणतात का?