नाताळात चार दिवस: प्राग की व्हिएन्ना? आई बरोबर आहे, मदत हवी आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आम्ही बर्लिनला राहतो. मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. नोव्हेंबरच्या शेवटी माझी आई दोन महिन्यांसाठी येतेय आणि नाताळात चार दिवस तिला एखाद्या शहरात घेऊन जायचं आहे. शहर एकच हवं, रोज सामान उचलून पळापळ नको. आई अडुसष्ट वर्षांची आहे. उजवा गुडघा दुखतो, पण सावकाश चालत राहिली तर दोन तास आरामात चालते. चढण आणि जिने नको. अंडं चालतं, मांस-मासे नाही.

सुट्टी सध्या २४ ते २७ डिसेंबर अशी ठरवली आहे आणि तिथेच माझी शंका आहे. गेल्या वर्षी आम्ही तिघं २५ तारखेला सकाळी कोलोनला पोचलो. डोळ्यासमोर कॅथेड्रलखालचा तो बाजार होता. प्रत्यक्षात ओळीनं सगळ्या टपऱ्या फळ्या लावून बंद. तिथला बाजार २३ लाच उठतो हे मी बघितलंच नव्हतं. लेक विचारत राहिला, "आई, नाताळ आज आहे ना?" कॅथेड्रल उघडं होतं, आतला तीन राजांचा सोनेरी पेटारा पाहिला, तेवढ्यावर परतलो. तो प्रसंग आईच्या बाबतीत पुन्हा यायला नको.

थोडं आईबद्दल सांगते, म्हणजे काय शोधतेय ते कळेल. ती पस्तीस वर्षं मिशनच्या शाळेत शिकवत होती. तिथल्या एका सिस्टरांनी तिला फार पूर्वी नाताळचं कार्ड दिलं होतं. बर्फ पडलेला दगडी पूल, संध्याकाळचा निळसर उजेड आणि लांब काठीनं रस्त्यावरचा दिवा लावणारा एक टोपीवाला माणूस. ते कार्ड आमच्या टेबलाच्या काचेखाली असायचं. लहानपणी माझ्या हातून त्यावर दूध सांडलं, ते काचेखाली झिरपलं आणि त्या माणसाचे बूट पुसट झाले. आई रागावली नाही, पण कापसानं किती वेळ टिपत बसली होती ते मला अजून आठवतं. तिला खरेदीत रस नाही. घंटा, चर्चमधलं गाणं, दिवे लागलेला चौक, एवढं मिळालं तरी ती खूश होईल.

तर २४ ते २७ मध्ये कुठलं शहर खरोखर जागं असतं? व्हिएन्ना आणि प्राग डोक्यात आहेत. न्यूरेंबर्गचं नाव सगळे घेतात, पण तिथला बाजार २४ ला दुपारीच संपतो असं दिसतंय. २४ च्या संध्याकाळी आम्ही नेमकं काय करायचं? कृपया अनुभवाचं सांगा.

रानजाई

न्यूरेंबर्गबद्दल तुम्ही बरोबर वाचलंत. जर्मनीतले बहुतेक मोठे बाजार २३-२४ ला आवरतात. कारण हे बाजार मुळात अॅडव्हेंटचे, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे. नाताळ आला की माणसं घरात जातात. बाहेरच्याला ते बंद शहर वाटतं, त्यांच्यासाठी तोच खरा सण.

मी व्हिएन्नात तीन वर्षं होते. टाउन हॉलसमोरचा बाजार २६ पर्यंत असतो, शोनब्रुन राजवाड्यासमोरचा तर जानेवारीपर्यंत चालतो आणि राजवाडाही सणाच्या दिवशी उघडा असतो. स्पिटेलबर्गच्या गल्ल्यांतला बाजार मला सगळ्यात आवडायचा, पण तो २३ ला संपतो. गुडघ्याच्या दृष्टीनं शहर फार सोयीचं आहे. रिंग या गोल रस्त्याच्या आतला भाग सपाट, ट्राम कुठूनही मिळते. २५-२६ ला दुकानं बंद असतात, पण तुम्हाला खरेदी करायचीच नाही.

अडचण एकच, बर्लिनहून रेल्वेला आठ तासांच्या आसपास लागतात. चार दिवसांतले दोन गाडीतच गेले असं होईल. सात वर्षांचं मूल आणि आई बरोबर असताना मी तरी हे करणार नाही.

सांजवेळ

ताई, प्रागला या. आणि तारखा एक-दोन दिवस अलीकडे आणा, कारण तुमच्या आईच्या कार्डातला माणूस तिथे आहे.

मी गंमत करत नाहीये. चार्ल्स पुलावर आजही गॅसचे दिवे आहेत आणि अॅडव्हेंटच्या दिवसांत जुन्या काळचा गणवेश घातलेला माणूस संध्याकाळी चार-साडेचारच्या सुमारास हातातल्या लांब काठीनं ते एकेक करून लावत जातो. हे सगळं अॅडव्हेंटपुरतंच. २४ ला दुपारी पोचलात तर बहुधा चुकेल. २३ ची संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवा. डिसेंबरअखेरीस सूर्य चारला मावळतो, त्यामुळे उशिराचं जागरण नाही. पूल ५१६ मीटर लांब आहे आणि जवळजवळ सपाट, फक्त फरसबंदी दगडांची. जाड रबरी तळव्याचे बूट हवेत. तो माणूस सुरुवात करतो तेव्हा ओल्ड टाउनच्या टोकाला गर्दी जमते, आईंना कडेच्या एखाद्या पुतळ्याखाली उभं करा, तो दिवे लावत तिथपर्यंत येईलच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बर्फाची खात्री अजिबात नाही. प्रागमध्ये नाताळात पारा शून्याच्या आसपास असतो आणि पुष्कळदा नुसता ओला गारठा मिळतो. कार्डातलं बर्फ मनात धरून येऊ नका, म्हणजे दिवे पाहताना मन खट्टू होणार नाही.

ओल्ड टाउन स्क्वेअरचा बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, २४, २५, २६ लासुद्धा. गर्दी मात्र प्रचंड. सकाळी दहाच्या आत जा. संध्याकाळी त्या गर्दीत आईंना नेऊ नका. राहायला व्हिनोह्राडी भाग बघा, नामेस्ती मीरू या चौकाजवळ. तिथे सेंट लुडमिलाच्या दोन मनोऱ्यांच्या चर्चसमोर छोटा बाजार असतो. आसपासचे लोक काम संपवून तिथे येतात, त्यामुळे त्याला घरचा रंग आहे. तिथूनच २२ नंबरची ट्राम थेट प्रागच्या किल्ल्याच्या वरच्या बाजूला नेते. किल्ल्याची सगळी चढण वाचते. मेट्रोपेक्षा ट्रामच बरी. तिथल्या मेट्रो स्टेशनचा सरकता जिना ८७ मीटर लांब आणि चांगलाच वेगात चालतो, गुडघा दुखणाऱ्या माणसाला उतरताना भीती वाटते. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी परत वर यायला लावलं होतं.

२४ ला दुपारी बारापर्यंत किराणा आणून ठेवा. कायद्यानं २०० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं तेव्हा बंद होतात आणि २५-२६ ला पूर्ण बंद असतात. त्या रात्रीचं जेवण बाहेर घ्यायचं असेल तर टेबल आत्ताच राखून ठेवा, नाहीतर स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. ट्राम संध्याकाळपासून विरळ होतात, पण बंद होत नाहीत.

उंबरठा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. प्रवासाचं मी सांगतो. बर्लिनहून प्रागला थेट गाडी आहे, ड्रेस्डेनवरून जाते, साधारण सव्वाचार तास. ड्रेस्डेनला उतरा! स्टेशनवर लॉकरमध्ये सामान टाका, प्रागर स्ट्रासे या रस्त्यानं पंधरा मिनिटं चाललं की आल्टमार्क्ट हा चौक. तिथला नाताळचा बाजार, श्ट्रिट्झलमार्क्ट, १४३४ पासूनचा आहे, म्हणजे न्यूरेंबर्गचं नाव मोठं असलं तरी वयानं हा थोर. १४ मीटरहून उंच लाकडी पिरॅमिड असतो, त्यावरच्या आकृत्या गोल फिरत राहतात, मुलं मान मोडेपर्यंत बघतात. स्टोलनचा (सुका मेवा घातलेल्या गोड पावाचा) एक तुकडा घ्या, दोन-अडीच तासांनी पुढची गाडी पकडा. सीट आरक्षित करा, त्या दिवसांत उभं राहावं लागतं.

आणि डावीकडची खिडकी घ्या. ड्रेस्डेन सोडल्यावर एल्ब नदी डाव्या हाताला येते, वालुकाश्माचे उंच कडे, मग उजव्या हाताला उंचावर क्योनिगश्टाइनचा किल्ला. हे उजेडात बघायचं असेल तर ड्रेस्डेनहून दुपारी एक-दीडच्या आत निघायला हवं. येताना उजवीकडे बसा.

आईंचा पासपोर्ट आणि तुमची निवास परवान्याची कार्डं अंगावर ठेवा, सामानात नको. चेकिया शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे वेगळा व्हिसा लागत नाही, पण जर्मनीत परत शिरताना गाडीत पोलीस तपासणी करतात. आमच्या डब्यात एका आजोबांचा पासपोर्ट वरच्या बॅगेत तळाला होता, सगळी बॅग सीटवर रिकामी करावी लागली.

पैशांचं एवढंच: तिथे कोरुना चालते. कार्ड जवळपास सगळीकडे घेतात. रोख लागली तर बँकेच्या एटीएममधून काढा आणि यंत्रानं "युरोमध्ये रूपांतर करू का" विचारलं की नको म्हणा.

धागाकर्ती

सांजवेळताई, तुमचा प्रतिसाद मी कामावर असताना वाचला आणि पाच मिनिटं उठून खिडकीशी उभी राहिले. असा माणूस खरंच असतो हे मला माहीतच नव्हतं. तो फक्त चित्रातला असं मी धरून चालले होते.

दोनच प्रश्न. मिडनाइट मासला (चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला) मुलाला घेऊन जमेल का? आणि आईच्या खाण्याचं?

सांजवेळ

किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये मध्यरात्रीची मास असते, पण तासभर आधी थंडीत रांग, आत शिरल्यावरही बसायला मिळेल असं नाही. तुमच्यासाठी नको. पुष्कळ चर्चमध्ये त्याच दिवशी दुपारी चारला किंवा संध्याकाळी मुलांसाठी लवकरची मास असते. दारावर वेळापत्रक चिकटवलेलं असतं, २३ ला जाता-जाता बघून ठेवा.

शिवाय याकुब यान रिबाची ख्रिसमस मास कुठे आहे का ते नक्की शोधा. १७९६ ची रचना, लॅटिनऐवजी चेक भाषेत. नाताळात ती प्रागच्या चर्चमधून ठिकठिकाणी गातात. सुरुवातीला एक मेंढपाळ आपल्या मालकाला झोपेतून उठवतो, हे काय आकाशात उजाडलंय बघा म्हणून. भाषा न कळताही ती घाई कळते. रिबा स्वतः छोट्या गावात शाळामास्तर होता, हे आईंना जरूर सांगा.

खाणं: भाजलेले चेस्टनट, बटाट्याचे थालीपिठासारखे तळलेले ब्रांबोराक (अंडं असतं, आणि कधी डुकराच्या चरबीत तळतात, विचारून घ्या), चीज लावलेलं लांगोश (तळलेली जाड पोळी). २४ ला लोक घरी कुबा करतात, बार्ली आणि सुकवलेले मश्रूम, लसूण आणि मार्जोरम घालून. मेनूवर दिसला तर चरबी नाही ना एवढं विचारा आणि घ्या. सूप मात्र मांसाच्या पाण्यातलं असण्याची शक्यता जास्त.

एक सावधगिरी. २० तारखेपासून रस्त्यांवर पाण्याचे मोठे टब दिसतील, त्यात जिवंत कार्प मासे. नाताळच्या जेवणाचा तो मुख्य पदार्थ. गिऱ्हाइकानं सांगितलं तर तिथेच मारून, कापून देतात. मुलाला टब दाखवायला हरकत नाही, पण आईंना घेऊन दुसऱ्या फुटपाथनं जा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला २२ पासून सुट्टी मिळाली. २२ ला सकाळी निघून ड्रेस्डेन, दुपारी एकच्या आसपासची गाडी, डावीकडच्या चार सीट आरक्षित झाल्या. नामेस्ती मीरूपासून दोन गल्ल्या सोडून स्वयंपाकघरासकट जागा मिळाली, पहिला मजला, लिफ्ट आहे. २६ ला परत.

चर्चचं वेळापत्रक तिथे गेल्यावर बघेन. बुटांसाठी आईचं माप मागवलंय, ती विचारतेय की एवढे जाड तळवे कशाला. सांगितलंय, थंडी आहे म्हणून. पुलाचं तिला काहीच बोललेले नाही. कार्ड मात्र सामानात घेऊन ये म्हटलंय, नातवाला बघायचंय असं कारण देऊन.