कुंडीतल्या टोमॅटोचं बूड काळं पडतंय, कॅल्शियम कसं द्यावं?

पुण्यात गच्चीवर १५ इंची ग्रो बॅगांत टोमॅटो आहेत. माती, कोकोपीट, गांडूळखत समप्रमाणात. दर पंधरवड्याला शेंगदाणा पेंड भिजवून, पातळ करून देते. झाडं जोमदार, पानं गडद हिरवी. पण फळ लिंबाएवढं झालं की खालच्या टोकाला पाणचट डाग पडतो आणि बघता बघता काळा, चिवट होऊन आत दबतो. कापून पाहिलं, अळी नाही. खाली अंगणातल्या वाफ्यात हीच रोपं, हीच पेंड, तिथली फळं मात्र स्वच्छ!

कॅल्शियम कमी पडतंय असं वाटून अंड्याच्या टरफलांची पूड घालून झाली, फरक नाही (तशीही ती फार सावकाश विरघळते). पाणी आता रोज ठरलेल्या वेळी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन. पाणी बोअरचं, जड आहे.

पेंडीमुळे नत्र आधीच जास्त होतंय असं वाटतं, त्यामुळे कॅल्शियम नायट्रेट (त्यातही नत्र असतं) घालायला मन धजत नाही. चुन्याच्या निवळीने मातीचा सामू (pH) आणखी चढेल ही भीती. घरात लहान मुलं आहेत, फवारणी शक्यतो नको. मग पेंड पूर्ण थांबवून कॅल्शियम नायट्रेट मुळाशी द्यावं का, आणि द्यायचं तर लिटरला किती ग्रॅम, किती दिवसांनी?