मदत हवी आहे: मेलला फाइल न जोडता सर्व्हरवरच्या फाइलची लिंक कशी पाठवावी?

पानजुळणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका लहान प्रकाशन कचेरीत मी दिवाळी अंकाची मांडणी पाहते. पाने, चित्रे, लेखकांचा मजकूर असं सगळं कचेरीतल्या विंडोज सर्व्हरवर आहे. तरीही प्रत्येक फर्म्याची (म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाची) पीडीएफ आम्ही मेलला जोडूनच पाठवतो. संपादक एका प्रतीवर खुणा करतात, मुद्रितशोधक दुसऱ्या प्रतीवर आणि कार्यकारी संपादक आदल्या आठवड्याच्या प्रतीवर. मग तिन्ही प्रती समोर ठेवून कोणती दुरुस्ती कुठली आणि कोणती आधीच झाली आहे, हे शोधत बसावं लागतं. गेल्या वर्षी एका कवितेतली काढून टाकलेली ओळ अशा गोंधळातून जवळजवळ छापायला गेली होती. कवीने महिनोन्महिने घासलेल्या कवितेचं आपल्या हातून असं व्हावं हे मला सहन होत नाही. म्हणून यंदा फाइल एकाच जागी ठेवायची आणि मेलमध्ये फक्त तिची लिंक द्यायची, असं ठरवलं आहे.

पण गाडी अडली आहे:

१. मी झेड ड्राइव्हवरचा मार्ग कॉपी करून पाठवला. माझ्याकडे लिंक उघडते, संपादकांकडे 'सापडत नाही' असं येतं आणि चित्रकाराच्या संगणकावर भलताच फोल्डर उघडतो.

२. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली की लिंक पहिल्या शब्दापर्यंतच निळी होते.

३. सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकड्यांतला पत्ता) घालून मार्ग दिला, तर आउटलुक सुरक्षेची सूचना दाखवतं आणि फाइल उघडत नाही.

४. दोन मुद्रितशोधक घरून काम करतात, एक डोंबिवलीत आणि एक साताऱ्यात. दोघांचंही जीमेल. त्यांचं काय करावं?

शिवाय एक जुनं कोडं आहे. मेलची मर्यादा २५ एमबी असताना २० एमबीची पीडीएफ परत का येते?

---

सर्व्हरखोली

पहिल्या प्रश्नात सगळ्याचं मूळ आहे, म्हणून आधी तेच.

झेड ड्राइव्ह नावाची वस्तू सर्व्हरवर नसतेच. ते अक्षर तुमच्या संगणकाने एका शेअर फोल्डरला, म्हणजे नेटवर्कवर इतरांसाठी खुल्या केलेल्या फोल्डरला, दिलेलं आहे. चित्रकाराच्या संगणकावर तेच झेड दुसऱ्या फोल्डरला दिलेलं असेल, संपादकांकडे दिलेलंच नसेल. मेलमध्ये ड्राइव्हचं अक्षर कधीच पाठवू नका. सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण मार्ग पाठवा. त्याच्या सुरुवातीला दोन उलट्या तिरक्या रेघा असतात:

\\अंकसर्व्हर\दिवाळी\फर्मा-०२\मुद्रित-१.पीडीएफ

हा मार्ग सर्वांना सारखाच लागू होतो. तुमच्या झेडमागे कोणता शेअर आहे हे पाहायचं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या विंडोजच्या खिडकीत) 'नेट यूज' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. अक्षर आणि त्यापुढे खरा मार्ग अशी यादी येते. एक खबरदारी घ्या. शिफ्ट दाबून फाइलवर उजवी क्लिक केली की 'कॉपी अ‍ॅज पाथ' मिळतं, पण तुम्ही झेडमधून तिथवर गेला असाल तर तो मार्गही झेडचाच येतो. आधी एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत सर्व्हरचं नाव टाकून आत जा, मग कॉपी करा. कॉपी झालेल्या मार्गाभोवतीची अवतरणचिन्हं काढायला विसरू नका.

मोकळ्या जागेवरचा उपाय सोपा आहे. मार्ग मेलमध्ये नुसता चिकटवू नका. आउटलुकमध्ये 'फर्मा २, पहिलं मुद्रित' (मुद्रित म्हणजे तपासायची प्रत) असे शब्द लिहा, ते निवडा, कंट्रोल आणि के दाबा आणि पत्त्याच्या चौकटीत मार्ग टाका. आता मार्गात जागा असली तरी बिघडत नाही. नवीन फोल्डर करताना मात्र जागेऐवजी जोडरेघ वापरायची सवय लावाच.

---

टपालवही

२० एमबीच्या कोड्याचं उत्तर: मेलची मूळ व्यवस्था साध्या अक्षरांसाठी घडली. त्यामुळे जोडलेली फाइल जाताना बेस-६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलली जाते आणि त्यात प्रत्येक ३ बाइटची ४ अक्षरं होतात. म्हणजे फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० ची २६ च्या पुढे गेली की २५ च्या दारात अडकणारच. २५ ची मर्यादा असेल तर १८ च्या आत राहा.

---

पानजुळणी

सर्व्हरखोली, मनापासून आभार! कचेरीतल्या सगळ्यांकडे लिंक उघडली. 'नेट यूज' चालवल्यावर कळलं की आमच्याकडे झेड या अक्षराची तीन वेगवेगळी घरं आहेत.

दोन गोष्टी उरल्या. कार्यकारी संपादक मेल ब्राउझरमध्ये वाचतात, त्यांनी लिंकवर क्लिक केलं की काहीच होत नाही. आणि संपादकांकडे मॅक आहे. आज ते माझ्या शेजारच्या विंडोज संगणकावर बसले होते म्हणून जमलं.

---

सर्व्हरखोली

ब्राउझर मुद्दामच काही करत नाही. इंटरनेटवरून आलेल्या पानाने तुमच्या संगणकावरच्या किंवा नेटवर्कवरच्या फाइलला हात लावू नये, म्हणून अशा लिंका तो अडवतो. ही अडवणूक काढण्याच्या खटपटीत पडू नका. मेलमध्ये लिंकखाली पूर्ण मार्ग साध्या मजकुरातही लिहा. वाचणाऱ्याने तो कॉपी करून विंडोजची कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत टाकला की फाइल उघडते.

मॅकवर रेघा सरळ तिरक्या होतात आणि सुरुवात 'एसएमबी:' ने होते: एसएमबी://अंकसर्व्हर/दिवाळी. फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून हा पत्ता एकदा द्यायचा, पुढे तो आवडीच्या यादीत ठेवता येतो. संपादकांसाठी प्रत्येक मेलमध्ये दोन मार्ग देण्यापेक्षा त्यांना फोल्डर एकदा जोडून द्या आणि मेलमध्ये फर्म्याचं नाव लिहा.

आता तिसरा प्रश्न. जुलै २०२३ च्या सुरक्षा सुधारणांपासून, मार्गात आयपी पत्ता किंवा सर्व्हरचं डोमेनसकट लांब नाव असेल तर आउटलुक अशी लिंक अडवू लागलं. सर्व्हरचं छोटं नाव वापरलंत तर बहुधा प्रश्नच येणार नाही. पत्ताच वापरावा लागत असेल, तर विंडोजच्या इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन तेवढा एक पत्ता विश्वासातल्या जागांमध्ये नोंदवा. सूचना सरसकट बंद करू नका. कारण असं की, अनोळखी सर्व्हरकडे नेणाऱ्या अशाच लिंकवर क्लिक केलं की विंडोज आपणहून तुमच्या लॉगिनची सांकेतिक ओळख तिकडे देऊ करतं. त्या ओळखीवरून पासवर्ड शोधून काढणारे लोक आहेत. कचेरीत सगळ्यांना सांगा की दोन रेघांनी सुरू होणाऱ्या लिंकमध्ये आपल्या सर्व्हरचं नाव नसेल तर क्लिक करायचं नाही.

---

खिळेजुळारी

मी छापखान्याच्या बाजूने बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो, ताई.

लिंक उघडली म्हणजे काम झालं असं नाही. ज्याला पाठवता त्याला त्या फोल्डरची परवानगी आहे का, हे आधी पाहा. सर्व्हरवर परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरवर आणि आतल्या फोल्डरवर. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्या दोन्हींतली जी कडक, ती लागते. शेअरवर 'फक्त वाचा' असेल, तर आत सगळे अधिकार दिलेत तरी संपादकांच्या खुणा त्या जागी जतन होणार नाहीत. मग ते फाइल डेस्कटॉपवर उतरवतील, तिथे खुणा करतील आणि मेलला जोडून तुम्हाला पाठवतील. म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

एकाच वेळी दोघांनी उघडलं तर काय? वर्डची फाइल दुसऱ्याला 'अमुक यांच्याकडे उघडी आहे' असं सांगते. पानं मांडायचा प्रोग्राम इनडिझाइनही पानाच्या फाइलशेजारी कुलपाची छोटी फाइल ठेवतं. पीडीएफच्या बाबतीत मात्र असा पहारा भरवशाचा नाही. दोघांनी एकदम खुणा केल्या तर शेवटी जतन करणाऱ्याची प्रत उरते आणि आधीच्याचं काम जातं. म्हणून क्रम लावा. आधी मुद्रितशोधक, त्यांचा 'झालं' असा मेल आला की संपादक, मग तुम्ही.

इनडिझाइनबद्दल आणखी एक. पानातली चित्रंसुद्धा मार्गानेच जोडलेली असतात. तुम्ही झेडमधून चित्र बसवलं आणि चित्रकाराकडे झेड वेगळा असला, तर त्याच्याकडे चित्रं हरवल्याची खूण दिसू शकते. ड्राइव्हच्या अक्षरांचा घोळ एकदा निस्तरा, सगळ्यांकडे एकच अक्षर एकाच शेअरला द्या. यात दोन्ही दुखणी बरी होतील.

फोल्डरची नावं मराठीत ठेवायला हरकत काहीच नाही, मला स्वतःला ती आवडतात. पण मार्गाची लिंक होताना काही प्रोग्राम देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे नऊ-नऊ चिन्हांचे तुकडे करतात. 'फर्मा' या शब्दात फ, र, हलन्त, म आणि काना अशा पाच खुणा, म्हणजे त्याचीच ४५ चिन्हं होतात. एवढी लांब लिंक मधेच तुटण्याची शक्यता वाढते. शिवाय विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रामांना एकूण २६० अक्षरांपलीकडचा मार्ग चालत नाही. नाव मराठी ठेवा, पण आखूड ठेवा आणि फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जे कायम राहायला हवं ते जोडूनच पाठवा. लेखकाने शेवटचं मुद्रित पाहून 'छापा' म्हटलं, तर त्याने नेमकं काय पाहिलं होतं हे पुढे दाखवता आलं पाहिजे. लिंकच्या टोकाला उद्या दुसरीच आवृत्ती असेल. छापखान्यालाही लिंक देऊ नका, बंद केलेली अंतिम पीडीएफ द्या. काम चालू असेपर्यंत लिंक, मंजुरीच्या वेळी जोडपत्र.

---

पानजुळणी

हे कोणी आधी सांगितलं असतं तर! लेखकांच्या मंजुरीचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. आता फक्त डोंबिवली आणि सातारा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की राउटरवर सर्व्हरचं दार बाहेरच्यांसाठी उघडून देतो, दहा मिनिटांचं काम आहे.

---

सर्व्हरखोली

कृपा करून ते होऊ देऊ नका. फाइलींच्या वाटपासाठी विंडोज ४४५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं दार, वापरतं आणि ते इंटरनेटला उघडं ठेवणं म्हणजे हल्ल्याला आमंत्रण. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभर पसरला तो याच वाटेने.

बाहेरच्या दोघांसाठी रस्ते दोन. एक व्हीपीएन. ते चालू केलं की त्यांचा संगणक कचेरीच्या नेटवर्कात आल्यासारखा होतो आणि तुमच्या त्याच लिंका चालतात, पण कोणीतरी जाणत्याने ते नीट बसवून द्यायला हवं. दुसरा, फक्त त्यांच्याकडे असलेले फर्मे गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवायचे आणि तिथली लिंक द्यायची. त्यात 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडू नका, त्या दोघांचे मेलपत्ते घाला. अप्रकाशित साहित्य आहे ते. तुमच्यासारख्या छोट्या कचेरीला यंदा दुसरा रस्ता पुरेल. फर्मा परत आला की तो सर्व्हरवर तुम्हीच ठेवायचा आणि ड्राइव्हवरची प्रत लगेच काढून टाकायची.

---

पानजुळणी

दुसराच रस्ता घेते. व्हीपीएनचं दिवाळीनंतर पाहू. उद्यापासून मेलचा साचा असा असेल, काही राहिलं असेल तर सांगा:

विषय: फर्मा २, पहिलं मुद्रित, आपली पाळी
फाइल: लिंक आणि खाली पूर्ण मार्ग
खुणा याच फाइलवर कराव्यात, उतरवून घेऊ नये.
काम संपल्यावर फाइल बंद करून या मेलला 'झालं' असं उत्तर द्यावं.

---

खिळेजुळारी

एक ओळ वाढवा: 'फाइलचं नाव किंवा जागा बदलू नये.' नाव बदललं की आधी पाठवलेल्या सगळ्या लिंका मेल्या. दुसरं मुद्रित काढाल तेव्हा पहिलं तिथेच राहू द्या आणि नव्या फाइलची नवी लिंक पाठवा.