जीत्साय आणि डुकराच्या मांसाची बाओझी: सारणातले पाणी कसे आवरावे?

प्रश्न – शांघायवासी

नमस्कार. नोकरीनिमित्त मी शांघायमध्ये राहते. थंडी ओसरू लागली की इथल्या मंडईत जीत्साय या रानभाजीचे ढीग दिसू लागतात आणि घरोघरी ती डुकराच्या खिम्याबरोबर वॉन्टनमध्ये (पातळ पारीच्या, पाण्यात उकडलेल्या पुरचुंड्यांमध्ये), तशीच बाओझीमध्येही, म्हणजे यीस्टने फुगवलेल्या पिठात सारण भरून वाफवलेल्या गोळ्यांमध्येही, भरली जाते. मला ही बाओझी घरी करायची आहे. पाककृती पुष्कळ मिळतात, परंतु नेमक्या मुद्द्यावर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी भाजी उकळत्या पाण्यातून काढून पिळायला सांगते, तर कोणी ती कच्चीच चिरून घालते. मांसात मात्र वरून पाणी घालावे, याविषयी सर्वांचे एकमत दिसते. एकीकडे पाणी पिळून काढायचे आणि दुसरीकडे घालायचे, यामागचे कारण काय? सारण रसदार राहावे, पण पारी तळाशी ओली होऊ नये, यासाठी प्रमाण काय ठेवावे?

उत्तर – वाफाळ

तुमच्या प्रश्नातच या पदार्थाचे मर्म आहे. मांसातले पाणी आणि भाजीतले पाणी यांची गत अगदी वेगळी असते. खिम्यात मीठ घालून तो एकाच दिशेने जोमाने घोटला की मांसातली प्रथिने सुटी होऊन चिकट होतात आणि थोडेथोडे घातलेले पाणी धरून ठेवतात. वाफ लागल्यावर हेच पाणी चरबीबरोबर सारणाच्या आतच रस होऊन राहते. भाजीतल्या पाण्याला असा कोणताही आधार नसतो. मीठ लागताच ते बाहेर येते आणि थेट पिठात झिरपते. जिथे ते झिरपते तिथे पीठ फुगत नाही, चिवट आणि अर्धपारदर्शक राहते.

बारा बाओझींसाठी 300 ग्रॅम खिमा घ्यावा. त्यात साधारण 30 टक्के चरबी हवी, नाहीतर सारण भरभरीत लागते. कांद्याची पात आणि ठेचलेले आले थोडा वेळ पाण्यात चुरून ते पाणी गाळून घ्यावे आणि त्यातले सुमारे 60 मिलिलिटर तीन-चार वेळा करून खिम्यात जिरवावे. आधीचे पाणी पूर्ण मुरल्याखेरीज पुढचे घालू नये. सोया सॉस, चमचाभर शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन), चिमूटभर साखर आणि पांढरी मिरी घालून खिमा फ्रीजमध्ये ठेवावा, कारण थंड आणि घट्ट सारण पारीत भरायलाही सोपे जाते आणि पिठाला लवकर ओल लागू देत नाही.

जीत्साय 300 ग्रॅम घ्यावी. निवडण्याचे काम कंटाळवाणे असले तरी त्यात घाई करू नये. पाने मुळाशी चक्राकार वाढत असल्यामुळे माती नेमकी देठांच्या बुडाशी अडकलेली असते. भाजी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून लगेच गार पाण्यात टाकावी, म्हणजे उग्र हिरवा वास जातो आणि रंग टिकतो. पिळताना मुठीतून थेंब गळायचे थांबले की थांबावे. चोथा होईपर्यंत पिळल्यास जिच्यासाठी हा खटाटोप करायचा ती जीत्सायची खास चव पाण्याबरोबर निघून जाते. नंतर ती सुरीनेच बारीक चिरावी, मिक्सरमध्ये तिचा रस सुटतो. चिरलेल्या भाजीला आधी तिळाचे तेल चोळावे आणि भरण्याच्या अगदी आधी खिम्यात मिसळावी. तेलाच्या थरामुळे मीठ पानांपर्यंत सावकाश पोहोचते.

एक सांगावेसे वाटते: मंडईत पर्याय असेल तर रुंद, फिकट पानांच्या लागवडीच्या भाजीपेक्षा खोल कातरलेल्या, किंचित जांभळट पानांची रानातली जीत्साय घ्यावी. सुगंधात फार फरक पडतो. एप्रिलच्या सुरुवातीला, छिंगमिंग या पूर्वजांच्या स्मरणाच्या चिनी सणाच्या सुमारास, तिला पांढरी फुले येतात आणि देठ जून होतात, त्यामुळे त्याआधीच करून पाहावे.

उत्तर – कणीकदार

सारणाविषयी वरील उत्तर पुरेसे आहे, म्हणून पिठाविषयी लिहितो. 300 ग्रॅम मैद्याला 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे साखर आणि साधारण 155 ग्रॅम कोमट पाणी पुरते. पीठ दुप्पट फुगल्यावर ते पुन्हा चांगले मळून आतली हवा काढावी. या टप्प्यावर कुचराई झाली तर बाओझीच्या पृष्ठभागावर फोड आणि खड्डे दिसतात. पारी लाटताना मधला भाग जाड आणि कडा पातळ ठेवावी. वरती सगळ्या चुण्या एकत्र येत असल्यामुळे तिथे पीठ आपोआप जाड होते, उलट तळाला सारणाचा सगळा भार आणि ओल सोसायची असते. ज्यांचा हात उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडण्यात बसलेला आहे, त्यांना चुण्या घालणे जड जाणार नाही. भरलेल्या बाओझी वीसेक मिनिटे फुगू द्याव्यात. उचलल्यावर हलक्या लागल्या की उकळत्या पाण्यावर 15 मिनिटे वाफवाव्यात आणि आंच बंद करून चार-पाच मिनिटे झाकण उघडू नये.

उत्तर – वेळूची टोपली

पाणी आधी उकळण्याविषयी माझे मत वेगळे आहे. घर थंड असेल तर गार पाण्यावरच टोपली चढवावी, म्हणजे पाणी तापेपर्यंत पीठ हळूहळू फुगत राहते. मग वाफ दिसू लागल्यापासून 15 मिनिटे मोजावीत. भांडे धातूचे असल्यास झाकणाला फडके बांधणे आवश्यक आहे. बांबूचे झाकण वाफ शोषून घेते, धातूच्या झाकणावरून मात्र थेंब पडतात आणि बाओझीवर डाग उमटतात.

शांघायवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या बहिणीला नाशिकला हे करून पाहायचे आहे. तिथे जीत्साय मिळणार नाही, तर कोणती भाजी घ्यावी?

उत्तर – वाफाळ

घोळ घ्यावी, आणि ही तडजोड समजण्याचे कारण नाही, कारण चीनच्या शानतुंग प्रांतात डुकराचे मांस आणि घोळ भरलेली बाओझी आवडीने खाल्ली जाते. ताजी घोळ बुळबुळीत आणि आंबटसर असते, म्हणून ती उकळत्या पाण्यातून काढून नीट पिळावी. तिकडे उन्हाळ्यात खुडलेली घोळ अशीच पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवतात आणि पुढे लागेल तेव्हा कोमट पाण्यात भिजवून वापरतात. वाळवलेली भाजी चरबी भरपूर शोषते, त्यामुळे तिच्यासाठी पोटाकडचे मांस घेऊन ते सुरीने बारीक चिरावे, आणि खिम्यात घालायचे पाणी थोडे वाढवावे.