पंधरा वर्षांनी लिनक्सवर परत येतोय. डेस्कटॉप (म्हणजे पॅनेल, मेनू, खिडक्यांची मांडणी) कुठला टाकू?

जुना_पॅनेलवाला

इंजिनिअरिंगला असताना उबुंटूची सीडी फुकट, पोस्टाने घरी यायची. हॉस्टेलवर चार मशीनवर ८.०४ चढवलं होतं. कॉम्पिझचा (खिडक्यांना इफेक्ट देणाऱ्या प्रोग्रामचा) क्यूब गरकन फिरवून दाखवला की समोरचा गार. मग एप्रिल २०११ ला ११.०४ आलं, डावीकडे युनिटी या नव्या डेस्कटॉपची जाड पट्टी येऊन बसली. त्याच महिन्यात ग्नोम ३ (उबुंटूत तोवर असलेल्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती) आलं. वर एक, खाली एक असं दोन पॅनेलवालं माझं ग्नोम २ संपलं. चिडून विंडोज ७ वर गेलो तो गेलोच.

आता लॅपटॉप आहे सहाव्या पिढीच्या आय-५ चा, ८ जीबी रॅम, नंतर टाकलेली एसएसडी, स्क्रीन १३६६ बाय ७६८. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. मशीन ठणठणीत आहे, भंगारात द्यायला जीव होत नाही. रात्री मी वापरणार, दिवसा बाबा: बँक, यूट्यूब आणि सोसायटीची पत्रं मराठीत टाइप करणं.

माझं मत आधीच सांगतो. ग्नोम २ चा कोड पुढे चालवलेला माते डेस्कटॉप आहे, तोच टाकावा. जे येत होतं तेच पुन्हा, नवं काही शिकायला नको. खोडून काढा.

(अवांतर: उच्चार 'मेट' नाही, 'माते'. दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून नाव आहे.)

सुपर_की

खोडतो.

२०११ ला मीही शिव्या घालत एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवर पळालो होतो. २०२१ मध्ये ग्नोम ४० आलं तेव्हा ऑफिसच्या मशीनवर नाइलाजाने वापरावं लागलं. पहिले चार दिवस माउस सारखा खाली टास्कबार शोधायला जायचा. मग लक्षात आलं की इथे खिडक्या मिनिमाइझ करायच्याच नसतात. सुपर (विंडोजच्या चिन्हाची की) दाबा, सगळ्या समोर मांडल्या जातात, हवी ती उचला. गर्दी झाली की पुढच्या वर्कस्पेसवर ढकला. आता दुसऱ्या कुठल्याही डेस्कटॉपवर बसलो की हात बांधल्यासारखं वाटतं.

अट एकच: एक्स्टेंशनं (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) लावून त्याचं विंडोज करू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ ने एक्स्टेंशन लिहायची पद्धतच बदलली. जुनी सगळी एका फटक्यात बंद, लेखक दुरुस्त करेपर्यंत बसा वाट बघत. ज्यांनी मूळ ग्नोम वापरलं त्यांना कळलंसुद्धा नाही.

शिवाय सगळं जग वेलँडकडे (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीकडे) निघालंय. माते आणि सिनॅमन (लिनक्स मिंटचा डेस्कटॉप) अजून मुख्यतः जुन्या एक्स११ वरच आहेत. परत यायचंच तर भंगारात निघालेल्या गाडीत कशाला चढता?

मिंटकाकू

सुपर_की, धागाकर्त्याने दोन गोष्टी लिहिल्यात त्या तुम्ही वाचल्याच नाहीत: बाबा, आणि ७६८ ची उंची.

ग्नोमच्या खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या जाडजूड. मोठ्या मॉनिटरवर शोभतात. ७६८ वर फाइल्स उघडलं की वरचा बार, मग ती पट्टी, आणि उरलेल्यात फोल्डर. आणि मूळ ग्नोममध्ये मिनिमाइझचं बटण नाही, डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत (२०१८ मध्ये ३.२८ ला काढून टाकले). सत्तरीच्या माणसाने 'सोसायटी पत्र' नावाची फाइल डेस्कटॉपवर ठेवली आणि ती दिसलीच नाही, तर फोन कोणाला येणार? तुम्हाला नाही येणार.

मिंट सिनॅमन टाका. माझ्या सासऱ्यांच्या मशीनवर दोन वर्षं आहे. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. त्यांना वाटतं विंडोजचंच अपडेट आलंय. मी सांगितलेलं नाही.

प्लाझ्माप्रेमी

केडीईचं (त्याचा डेस्कटॉप म्हणजे प्लाझ्मा) नावच नाही अजून? २००८ चं ४.० ज्यांनी भोगलं त्यांचा राग मी समजू शकतो, मीही भोगलंय. पण तो डाग किती वर्षं लावणार? प्लाझ्माची सहावी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एका क्लिकने फाइल उघडायची जुनी खोडसुद्धा गेली, आता डबल क्लिक. केडीई कनेक्टने फोनमधले फोटो केबलशिवाय लॅपटॉपवर. वर-खाली दोन पॅनेल हवीत? दोन मिनिटांत लावून घ्या. हवं तसं मिळत असताना नॉस्टॅल्जिया कशाला?

मात्र वितरण (उबुंटू, डेबियनसारखं लिनक्सचं तयार पॅकेज) बघून घ्या. कुबुंटू २४.०४ मध्ये प्लाझ्मा अजून ५.२७ आहे. डेबियन १३ किंवा फेडोराची केडीई आवृत्ती घ्या.

मिंटकाकू

हवं तसं मिळतं हाच तर घोटाळा. वडिलांना मी आधी केडीईच दिलं होतं. एका संध्याकाळी फोन: "अगं, खालची पट्टी गेली." कशी गेली? "मी काही केलं नाही." कुठेतरी राइट क्लिक झालं, एडिट मोड उघडला, पॅनेल गायब. फोनवर पाऊण तास घालवला. पट्टी परत आली, पण वरच्या बाजूला. ती तिथेच ठेवली शेवटी.

प्लाझ्माप्रेमी

हा हा, मान्य. पण हे डेस्कटॉपचं नाही, वडिलांचं वैशिष्ट्य आहे. सिनॅमनमध्येही राइट क्लिक करून पॅनेल काढता येतं.

मिंटकाकू

येतं. पण सासऱ्यांनी अजून काढलेलं नाही.

उंदीर_४.२०

एक्सएफसीई. बाकी चालू द्या.

कोरडा_प्रतिसाद

सगळेच भलत्या ठिकाणी भांडताय. ८ जीबीमध्ये हलका डेस्कटॉप, जड डेस्कटॉप हा फरक ब्राउझरचे दहा टॅब उघडले की दिसेनासा होतो. सहाव्या पिढीच्या आय-५ वर यातलं सगळं नीट चालतं. खरी अडचण वायफाय, प्रिंटर आणि मराठी टायपिंगची असते, आणि त्याबद्दल इथे एक ओळ नाही.

व्हेंटॉय नावाचं साधन पेनड्राइव्हवर टाका आणि तीन-चार आयएसओ (इन्स्टॉलच्या फाइली) नुसत्या कॉपी करा. लाइव्ह (थेट पेनड्राइव्हवरून) चालवून बघा, इन्स्टॉल नको. आणि एकाच इन्स्टॉलवर तीन डेस्कटॉप तर अजिबात चढवू नका. दोन टर्मिनल, तीन टेक्स्ट एडिटर, एकमेकांत मिसळलेल्या थीम आणि मेनूत सगळ्याची खिचडी होते. नंतर निस्तरण्यापेक्षा फॉरमॅट सोपं पडतं.

जुना_पॅनेलवाला

शनिवार-रविवार यातच गेला. पेनड्राइव्हवर माते, सिनॅमन, ग्नोम, प्लाझ्मा चारही फिरवले.

आधी अर्थातच माते. तीन मेनूंची जुनी मांडणी लावली आणि खरं सांगतो, घसा दाटला. मग कॅल्क्युलेटर उघडायचा होता. सुपर दाबून 'कॅल' टाइप केलं. काहीच नाही, त्या जुन्या मेनूत शोधायची सोयच नाही. विंडोजवर पंधरा वर्षं मी असंच करत आलो, मेनूत उतरून कधी काही शोधलंच नाही. म्हणजे 'जे येत होतं ते' आता मलाच येत नाही. सुपर_की, इतकं तुमचं खरं.

ग्नोम मला आवडलं, हे लिहिताना लाज वाटतेय. बाबांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हे बंद आहे का चालू?" प्लाझ्मा देखणं आहे, पण सेटिंगमध्ये एक गोष्ट शोधायला गेलो आणि अर्ध्या तासाने भलतीच बदलून बाहेर आलो. तेव्हा सिनॅमन. वायफाय लागलं, प्रिंटरनेही न भांडता पान काढलं.

अडलंय एकाच ठिकाणी. बाबा इनस्क्रिप्ट कीबोर्डवाले आहेत. देवनागरी लेआउट लावलं, टायपिंग झकास. पण पत्रात 'दुसऱ्या मजल्यावरील गळती' लिहायचं होतं आणि उमटलं 'दुसर्या'. र डोक्यावर रफार होऊन चढतो. बाबा म्हणतात असलं पत्र नोटीस बोर्डावर लावणार नाही.

सुपर_की

बाबांचं बरोबर आहे. आणि ग्नोम आवडल्याबद्दल लाज कसली? एकाच मशीनवर तुमचं वेगळं खातं...

कोरडा_प्रतिसाद

नको. दोन डेस्कटॉप एका इन्स्टॉलवर नको, वरती सांगितलंय.

र चं सोपं आहे. साधा र (इंग्रजी जे ची की) आणि पाय मोडला की रफारच होणार. नुक्ता असलेला ऱ घ्यायचा: शिफ्ट-जे, मग डी, मग य साठी स्लॅश, कान्यासाठी इंग्रजी ई. ऱ्या. लायब्ररऑफिसमध्ये करून बघा आणि फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ठेवा.

जुना_पॅनेलवाला

उमटलं. बाबांनी ओळीने लिहून बघितलं: दुसऱ्या, तिसऱ्या, पायऱ्या, वाऱ्यावर. आता विचारतायत, हे नवीन विंडोज कितीला पडलं.